अर्थिंग

तक्रारीच्या कागदावर लिहिलं होतं:
फोन गुणगुणतो. पाऊस असला की जास्त.
आणि हॅलिफॅक्समध्ये पाऊस असतोच.

बटणांचा कारखाना. अठ्ठेचाळीस एक्स्टेन्शन्स.
यंत्र जिन्याखालच्या कपाटात,
पुसायची बादली, नाताळचं घडी केलेलं झाड
आणि बंद पडलेल्या हीटरच्या शेजारी.
मी गुडघ्यांवर बसले, टॉर्च दातांत धरला.
रिसेप्शनवरची मिस ऑल्ड्रॉइड दारात उभी राहून म्हणाली,
"मागच्या वेळी एक बाप्या आला होता."
टॉर्च काढून मी विचारलं, "मग? झालं का दुरुस्त?"
ती चहा टाकायला गेली.

झाकण उघडलं.
पंख्यावर धुळीची लोकर, बॅटरी फुगलेली,
पण वायरिंग!
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, राखाडी,
प्रत्येकीला पांढऱ्या सोबतिणीचा पीळ,
प्रत्येक वळण एकाच मापाचं,
आणि बोटभर अंतरावर
मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ.
आता कोण बांधतं असं?
आतल्या बाजूला पेन्सिलीने: एन. क्रॅबट्री, मार्च १९९१.
मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला
आणि चिमटे लावून कान दिला.

डायल टोन.
त्याच्या मागे, खाली, तो.
पन्नास हर्ट्झ.

याला मी ओळखते.
मिरजेला बाबूमामाच्या दुकानात
टांगलेल्या भोपळ्यांवरची ट्यूबलाइट
हेच धरून बसायची, एक सप्तक वर.
जवारी लावायच्या आधी मामा ती विझवायचा:
"ही बया गप्प बसल्याशिवाय मला काही ऐकू यायचं नाही."
मग दाराच्या उजेडात, तारेखाली,
सुताचा धागा केसभर पुढे, केसभर मागे.
तासन्‌तास. चहा गार.
आम्हा पोरांना कळायचंच नाही
हा थांबणार कधी ते.

मी हिरव्या-पिवळ्या तारेचा माग काढला.
जिन्याखालून, फळीमागून, भिंतीतून
थेट मोरीत.
क्रॅबट्रीने ती पाण्याच्या लोखंडी नळाला जोडली होती,
त्या काळच्या रिवाजाप्रमाणे.
नंतर कधीतरी प्लंबर आला,
लोखंडी नळ काढून निळा प्लास्टिकचा टाकला,
आणि भल्या माणसाने
तार पुन्हा होती तशी
त्याच प्लास्टिकवर घट्ट आवळून दिली.

मी मोरीत एकटीच हसत बसले.
इतकी वर्षं अठ्ठेचाळीस फोन
निळ्या नळाला आपलं गाऱ्हाणं सांगत होते.
अर्थच लागत नव्हता.
हा विनोद इथे कुणाला सांगू?

मागच्या अंगणात तांब्याची सळई ठोकली.
यॉर्कशरची जमीन: वीतभर माती, मग दगड.
तिसऱ्या जागी खाली गेली.
खणताना मातीतून बटणं निघाली,
शिंपल्याची, शिंगाची, काही भोकं न पाडलेली,
कुणीतरी कधीतरी नापास केलेली.
एक खिशात टाकलं. चोरी म्हणा हवं तर.

आत नवी तार जुन्यांच्या शेजारून नेली.
माझ्या पेटीत प्लास्टिकच्या पट्ट्या,
खेचल्या की करकचतात, संपलं.
त्या गाठींशेजारी त्या लावायला
लाज वाटली. लावल्या.
पुढचं काम ब्रिगहाऊसला, अडीच वाजता.

मिस ऑल्ड्रॉइडने रिसीव्हर उचलला,
डोळे मिटले, बराच वेळ ऐकलं.
"गेला," ती म्हणाली.
मग अजून थोडं ऐकून,
कपाळाला आठी घालत,
"पलीकडे कुणीच नसल्यासारखं वाटतं हो."

मी सांगितलं, होईल सवय.
तिने सही केली, बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.
तेवढ्यात फोन वाजला,
कुणाला तरी डफल कोटासाठी
बाराशे बटणं हवी होती,
आणि ती नेहमीसारखी
ओरडून बोलू लागली.